ती नळी गुळगुळीत का आहे?

वेरूळ गावातल्या एका घरात, देवघराला लागून असलेल्या भिंतीवर, एक जुनी लष्करी बंदूक टांगलेली आहे. इंग्रजी एन्फिल्ड घाटाची, ठासणीची, केपेची, साडेचार फुटांहून थोडी लांब. नळीवर गंज, दस्त्याला भेग, घोड्याची कमान मोडलेली. तिचं लायसन घरातल्या थोरल्या भावाच्या नावावर आहे. धाकटा भाऊ लष्करात, ईएमई ह्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत, आर्मरर होता. निवृत्त होऊन गावी परतल्यावर त्यानं जाहीर केलं की यंदाच्या खंडेनवमीला ही बंदूक नव्यासारखी करून पूजेत ठेवायची. त्याची भाची वस्तुसंग्रहालयांतल्या धातूच्या वस्तूंचं जतन करते. ती म्हणाली, हात लावू नका. पुढचा वाद ह्या दोघांचा. घरात जुनी तलवार, कट्यार, घड्याळ किंवा शिवणयंत्र असणाऱ्या कुणालाही तो आज ना उद्या घालावा लागणार आहे.

मामा : नोकरीभर मी एकच काम केलं. आलेली रायफल उघडायची, झिजलेला भाग काढायचा, नवा बसवायचा, नळी साफ करायची आणि सही करून परत द्यायची. गंजकं हत्यार जवानाकडं सापडलं तर त्याची पेशी व्हायची. आणि माझ्याच घरात भिंतीवर हे असं लटकायलंय. पाहुणे बघतात अन् मला विचारतात, तुम्ही मिलिट्रीत नेमकं काय करत होता?

भाची : मग तुम्ही तिचं काय काय करणार, ते तरी सांगा.

मामा : सगळी खोलणार. नळी पॉलिशपेपरनं घासून पांढरी करणार, मग तिला निळसर काळा रंग परत चढवणार. दस्ता अक्रोडाचा आहे, मनगटापाशी तडकलाय. त्यावर कुणीतरी तांब्याची तार गुंडाळलीय, ती काढणार, लाकडाचा नवा तुकडा जोडणार आणि जवसाचं तेल पाजणार. कमान नवी. केप बसते तो खुंटा झिजलाय, तोही नवा. घोडा ओढून सोडला की खाट्‌ आवाज आला पाहिजे.

भाची : त्याच्या आधी एक. ती भरलेली नाही, हे बघितलंत ना?

मामा : मला विचारतीस? पहिलं काम तेच केलं. गज नळीत तळापर्यंत घातला, तोंडाशी खूण केली, मग बाहेर काढून नळीच्या अंगाला लावला. टोक थेट केपेच्या खुंट्यापाशी आलं, म्हणजे आत काही नाही. चार बोटं अलीकडं राहिलं असतं तर आत दारू अन् गोळी ठासलेली आहे असं धरून मी तिला तशीच ठेवली असती आणि जाणत्या माणसाला बोलावलं असतं. घरोघरी ज्यांच्या भिंतींवर असल्या बंदुका आहेत त्यांना हे सांगायला पाहिजे. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते.

भाची : आता दुसरं. थोरल्या मामांचं लायसन बंदूक बाळगण्याचं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं बंदूक बनवायला परवाना लागतो, तसा ती दुरुस्त करून द्यायलाही लागतो. तुमचा हात कितीही तयार असला तरी हे काम तुम्ही माजघरात बसून करू शकत नाही.

मामा : घरच्या मोडक्या बंदुकीला कोण विचारतंय?

भाची : कायदा विचारतो. त्याच कायद्याच्या ४५ व्या कलमात एक सूट आहे. बंदूक कालबाह्य घाटाची, पुराणवस्तू म्हणून मोल असलेली किंवा मोडकी असेल, आणि दुरुस्त करूनही चालण्यासारखी नसेल, तर तिला कायदा लागत नाही. आपली दुरुस्त होऊ शकते, हे तर तुम्हीच आत्ता सांगितलंत. म्हणून तिला लायसन लागतं. कायद्याच्या लेखी ती अजून हत्यारच आहे, तिचं वय त्यात मोजलं जात नाही.

मामा : बरं. परवानेवाल्या गनस्मिथकडून करून घेऊ, पैसे मी भरतो. म्हणजे कायद्याची अडचण मिटली. तुझी मिटली का?

भाची : नाही.

मामा : हेच मला कळत नाही. अगं, तू वेरूळची लेक. घृष्णेश्वर बघ. मालोजीराजांनी जीर्णोद्धार केला, अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभं केलं. त्या माउलीनं ‘पडकं आहे, पडकंच शोभतं’ म्हटलं असतं तर आज ज्योतिर्लिंगाच्या नावानं आपण दगडांचा ढीग दाखवला असता. पडलेलं उभं करणं ही आपल्याकडची रीत आहे. मोडकं काचेत ठेवून खाली चिठ्ठी लावायची, ही साहेबाची.

भाची : घृष्णेश्वरापासून किलोमीटरभरावर कैलास आहे. राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णाच्या वेळचा, आठव्या शतकातला. त्याच्या अंगणातल्या हत्तीची सोंड तुटलीय. ती कुणी का लावत नाही?

मामा : लावायला पाहिजे. हत्तीची सोंड कशी असते हे बालवाडीतलं पोरगंही सांगेल.

भाची : हत्तीची सांगेल. ह्या हत्तीची सांगेल का? ती वर उचललेली होती, सरळ खाली सोडलेली होती, की कमळ धरून आत वळवलेली? लावणारा स्वतःच्या मनातली लावेल आणि दोन पिढ्यांनंतर लोक तिला राष्ट्रकूटांची कारागिरी म्हणून वाखाणतील. स्मारकांच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसला जी सनद ठरली, तिचं सांगणं एवढंच आहे की अंदाज सुरू झाला की दुरुस्ती थांबवायची.

मामा : म्हणजे खांब ढासळला तरी हात बांधून बघत बसायचं?

भाची : मुळीच नाही. अजिंठा-वेरूळच्या काही लेण्यांत ढासळलेल्या खांबांच्या जागी साधे खांब दिलेत. ते छताचा भार पेलतात, पण त्यांच्यावर नक्षी कोरलेली नाही. जुना कुठला, नवा कुठला, हे बघणाऱ्याला लगेच कळतं.

मामा : मग देवळात नक्षीसकट नवं चालतं अन् लेण्यात चालत नाही, हा कुठला न्याय?

भाची : देवळाचं काम थांबलेलं नाही. रोज अभिषेक आहे, श्रावणात रांगा आहेत. शिखर गळायला लागलं तर ते बांधावंच लागतं. कैलासात रोजची पूजाअर्चा नाही. तो आता बघण्यासाठी आणि शिकण्यासाठी उरलाय. वस्तू पडकी आहे का, हा प्रश्न मी नंतर विचारीन. आधी विचारीन, तिचं काम काय उरलंय? सांगा, ह्या बंदुकीचं काय उरलंय?

मामा : बाबांच्या वेळी पिकात रानडुकरं शिरली की बार काढायचे. आता ते नाही. आता वर्षातून एकदा खंडेनवमीला पाटावर बसायचं, हळदकुंकू घ्यायचं, झेंडूची माळ घालायची.

भाची : त्या कामाला बार उडावा लागत नाही.

मामा : शोभा लागते. हत्याराची पूजा म्हणजे हत्याराला तेजी आणायची. गंजक्या लोखंडापुढं हात जोडून कुणाला काय वाटणार? आणि ही काही साधीसुधी बंदूक नाही. आपल्या घरात सांगत आलेत, ही सत्तावनची आहे. जून १८५७ मध्ये औरंगाबादेत हैदराबाद कंटिंजंटचं पहिलं घोडदळ बिघडलं. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली, धरपकड झाली, काला चबुतऱ्यावर शिपायांना मारलं. त्यातला एक निसटून इकडं आला आणि ही आपल्या खापरपणजोबांकडं ठेवून गेला. असल्या बंदुकीला मी चकचकीत करायची नाही?

भाची : काला चबुतऱ्याची हकिगत खरी आहे. बंदुकीची तपासू या. तुम्ही नळीत उजेड टाकून बघितलंत, काय दिसलं?

मामा : गंज. तोंडाशी जास्त.

भाची : आणि चर? १८५३ च्या एन्फिल्डच्या नळीत आतून पीळ दिलेले तीन चर असतात. गोळी फिरत बाहेर पडावी म्हणून.

मामा : ते नाहीत, साफ गुळगुळीत आहे. वापरून झिजले असतील.

भाची : त्या १८५३ च्या एन्फिल्डची नळी ०.५७७ इंचाची. तुम्ही कॅलिपर लावलात का?

मामा : लावला ना. गंज धरूनही ०.६५ च्या वर भरतीय.

भाची : चर झिजून नळी एवढी रुंदावते?

मामा : …नाही. झीज अशी सारखी नसते. तोंडाशी एक माप, मध्ये दुसरं, तळाशी तिसरं मिळतं. हिला सगळीकडं एकच माप आहे. ही कुणीतरी मुद्दाम पोखरलीय.

भाची : आता निशाणाकडं बघा. १८५३ च्या एन्फिल्डला उभी करायची शिडी असते, तिच्यावर शेकडो यार्डांच्या खुणा असतात. हिला काय आहे?

मामा : नुसता एक पक्का ठोकळा. मला वाटलं शिडी तुटून पडली असेल. मी नवी मागवणार होतो.

भाची : ती शिडी ह्या बंदुकीला कधीच नव्हती. सत्तावननंतर इंग्रजांनी ठरवलं की हिंदी शिपायाच्या हातात गोऱ्याएवढं चांगलं हत्यार द्यायचं नाही. १८५८ मध्ये एन्फिल्डचा एक वेगळा घाट निघाला. आतले चर पोखरून काढले, नळी ०.६५६ इंच रुंद आणि गुळगुळीत केली, शिडीऐवजी ठोकळा बसवला. चराच्या नळीनं गोळी शेकडो यार्डांवर नेम धरून जायची. गुळगुळीत नळीनं शंभर यार्डांपलीकडं नेम धरण्यात अर्थच उरला नाही. पोखरल्यानं नळीची भिंतही पातळ झाली, ती वाकायची, फुगायची. म्हणून १८५९ मध्ये जाड भिंतीच्या नळीचा पुढचा घाट काढावा लागला. आणि हे एन्फिल्डवर थांबलं नाही. गोऱ्यांच्या हातात मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी पलटणींकडं स्नायडर होती. गोऱ्यांना ली मिळाली तेव्हा इकडं मार्टिनी आली. एक पिढी मागं ठेवायचं, हे धोरणच होतं.

मामा : थांब. मग ही जून सत्तावनची असूच शकत नाही. आणि घोडदळाची तर नाहीच, आता माझ्याही ध्यानात येतंय. एवढी लांब बंदूक घेऊन घोड्यावर कोण बसेल? स्वाराला आखूड कार्बाइन असते. ही पायदळाची आहे.

भाची : बंड करणाऱ्याची बंदूक म्हणून आपण हिची पूजा करत आलो. ही आहे पुन्हा बंड होऊ नये म्हणून लंगडी केलेली बंदूक. सत्तावनचा उठाव साहेबाला किती झोंबला, ते ह्या नळीत मोजून बघता येतं. तुम्ही शिडी लावली असती, कुणी हौशी माणसानं नळीत चराचं नवं अस्तर बसवलं असतं, तर बंदूक पुस्तकातल्या चित्रासारखी झाली असती आणि तिच्याजवळची एकुलती एक खरी गोष्ट आपण पुसून टाकली असती.

मामा : बार काढायचा विचारही सोडला. पोखरलेल्या नळीत मी माझ्या हातानं दारू घालणार नाही. पण हे खरंच इंग्रजी काम आहे कशावरून? वायव्य सरहद्दीवरचे कारागीर ठशासकट नक्कल करायचे, हे मीच फौजेत ऐकलंय.

भाची : रास्त शंका आहे, आणि तिचं उत्तर घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर आहे. तिथं मुकुट आणि साल यांचा पुसट ठसा दिसतो.

मामा : ती पट्टी घासली की साल उघडं पडेल.

भाची : घासलं की आधी सालच जाईल. ठशाची खोली केसाएवढी उरलीय, पॉलिशपेपर ठसा आणि पट्टी दोन्ही सारखीच खातो. अंधार करून बॅटरी अगदी आडवी धरा. उथळ आकड्यांच्या सावल्या पडतात, त्यांचा फोटो घेता येतो.

मामा : बरं, नळी अन् पट्टी तुझी. दस्त्याचं बोल. ती तांब्याची तार तर एन्फिल्डच्या कारखान्यात गुंडाळली नव्हती.

भाची : नव्हती. गावच्याच कुणीतरी गुंडाळलीय, आणि काय सफाईनं! वेढ्याला वेढा भिडलाय, टोक लाकडात दडवलंय. ती राहू दे.

मामा : इथं मी तुला सोडत नाही. गावच्या लोहारानं केलेली दुरुस्ती तुला इतिहास वाटते, आणि लष्कराच्या आर्मररनं केलेली मोडतोड? त्याच्या हाताला मान आहे, माझ्या हाताला नाही?

भाची : त्यानं दुरुस्त केली तेव्हा बंदुकीला काम होतं. उद्या डुकरं येणार होती. त्यानं लाकूड बदललं नाही, जवळ होतं त्यानं बांधलं आणि बंदूक पुन्हा शेतावर गेली. तुम्ही तार काढलीत तर ती शेतावर जाणार नाही, फक्त फोटोत नीट दिसेल.

मामा : पण हत्यार म्हणजे दुरुस्तीच असते, पोरी. माझ्या हाताखालून गेलेल्या कित्येक रायफलींची नळी तिसरी होती अन् लाकूड दुसरं. तीच रायफल म्हणूनच रजिस्टरला राहायची. ‘मूळ स्वरूप’ असं काही हत्याराला नसतं. हे तुमचं काचेच्या कपाटातलं खूळ.

भाची : हे मला मान्य आहे. नोकरीत असताना झालेली प्रत्येक दुरुस्ती हत्याराच्या आयुष्याचा भाग आहे. नोकरी संपल्यावर केलेली दुरुस्ती आपल्या हौसेचा.

मामा : आणि गंज? तो कुणाच्या आयुष्याचा भाग? ज्या शिपायानं ही वापरली त्यानं रोज पुसली असेल. काळ्या दारूचा मळ ओल धरतो, बार काढल्यावर गरम पाण्यानं नळी धुवावीच लागते. नाही धुतली तर दोन दिवसांत लाल होते. त्या शिपायाच्या हातात ही अशी कधीच नव्हती. हा गंज नंतरचा, आपल्या घरातल्या पावसाळ्यांचा, आपल्या हयगयीचा. तू शिपायाचा इतिहास जपत नाहीस, आपला आळस जपायलीस.

भाची : तुमचं आत्तापर्यंतचं सगळ्यात बिनतोड बोलणं हे. आणि ‘जशी आहे तशी राहू द्या’ म्हणणाऱ्या माझ्या क्षेत्रातल्या लोकांकडं त्याला चांगलं उत्तर नसतं. म्हणून मी ‘तशीच ठेवा’ म्हणत नाही. गंज दोन तऱ्हेचा असतो. एक लालसर, भुरभुरा, बोटाला लागणारा. तो चालू आहे, रोज थोडं लोखंड खातोय. दुसरा काळपट तपकिरी, घट्ट, गुळगुळीत. तो थांबलाय आणि खालच्या धातूला थोडं संरक्षणही देतो. पहिला काढायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही.

मामा : काढायचा कशानं?

भाची : पातळ तेलाचा हात देऊन भिजू द्यायचा, मग मऊ ब्रशनं आणि लाकडाच्या किंवा बांबूच्या काडीनं हळूहळू उचलायचा. पॉलिशपेपर नाही, तारेचा ब्रश नाही, आम्ल नाही. मग तेल पूर्ण पुसून, कोरडं करून, संग्रहालयांत वापरतात त्या मेणाचा पातळ हात. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड झपाट्यानं गंजतं, आणि आत क्षार अडकले असतील तर त्याच्या कितीतरी आधीच सुरुवात होते. आपल्याकडं पावसाळ्यात ६५ म्हणजे काहीच नाही. शिवाय ती टेकलीय बाहेरच्या भिंतीला, जी भिंत ओल ओढते. आपण नुसती जागा बदलली तरी अर्धं काम होईल.

मामा : मेणाच्या जागी जवसाचं तेल का नको? लाकडाला आम्ही तेच द्यायचो. ब्रिटिशांपासून चालत आलंय, आणि जवस तर आपल्या मराठवाड्याचंच.

भाची : रोज हाताळल्या जाणाऱ्या रायफलीला ते ठीक होतं. भिंतीवरच्या वस्तूला नको. जवसाचं तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, वर्षावर्षाला काळवंडतं, धूळ धरतं. एकदा मुरलं की परत काढता येत नाही. मेण टर्पेंटाइनसारख्या द्रावकानं पुसून टाकता येतं.

मामा : एवढ्याशा तेलाचा एवढा बाऊ?

भाची : अजिंठ्याला हेच झालं. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं चेक्कोनी आणि ओर्सिनी ह्या दोन इटालियन तज्ज्ञांना तिथली चित्रं वाचवायला बोलावलं. त्यांनी भिंतीपासून सुटत चाललेला चित्रांचा गिलावा पक्का केला. ते झालं नसतं तर आज आपण पुष्कळ चित्रांना मुकलो असतो. पण वरून लाखेचं रोगण दिलं, रंग खुलावेत आणि टिकावेत म्हणून. ते रोगण पुढं पिवळं पडलं, त्यावर धूळ आणि काजळी बसली, चित्रं झाकोळली. ते काढायला पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनी दशकं घालवली. त्या दोघांचा हात वाईट नव्हता, हेतू तर नव्हताच. त्यांच्या काळात तेच उत्तम मानलं जायचं. आज आपण जे उत्तम मानतो त्याचंही उद्या असं होऊ शकतं. म्हणून परत काढता येईल तेवढंच करायचं.

मामा : हे पटतंय. पण एक गोष्ट तू मोजत नाहीस. वस्तू जपशील, हातातली कला कशी जपशील? कमान करायची तर पोलाद तापवून लाल किती करायचं, तेलात कधी बुडवायचं, मग परत किती तापवलं की निळी झाक येते आणि कमान मोडत नाही, हे मला डोळ्यांनी कळतं. मला माझ्या उस्तादानं शिकवलं. मी कुणाला शिकवू? दुरुस्ती करायचीच नाही म्हटलं की शिकायला कुणी येणारच नाही. तुमच्या कपाटात बंदुका राहतील आणि त्या कशा चालत होत्या हे सांगणारा माणूस राहणार नाही.

भाची : ह्यावर मी भांडणार नाही. आम्ही वस्तूंची यादी करतो, हातांची करत नाही. कितीतरी ठिकाणी कपाटात नुसती ‘जुनी बंदूक’ अशी चिठ्ठी असते, कारण लिहिणाऱ्याला घोडा आणि चाप यांच्या मधे काय घडतं हे ठाऊक नसतं.

मामा : मग थ्री नॉट थ्रीलाही हेच नियम लावणार का? ती तर माझी आयुष्यभराची. दहा गोळ्यांचं मॅगझिन, दस्त्याच्या पोटात पितळी तेलाची बाटली आणि पुल-थ्रू, इशापूरची रायफल आणि आपल्या खडकीच्या कारखान्याचं काडतूस. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला तिला निरोप दिला.

भाची : तिला वेगळे नियम. त्या लाखोंनी झाल्या, सुटे भाग ठरीव मापाचे, एकीचं दुसरीला बसतं. असल्या शंभर रायफली कुठल्या शस्त्रागारात पडून असतील तर एक खोलून, जोडून, चालती ठेवायला काय हरकत आहे? शिकणाऱ्यांना दाखवायला ती लागतेच. फक्त जिच्या बोल्टवरचा नंबर आणि अंगावरचा नंबर अजून जुळतो, ती निवडू नये. जिचे भाग आधीच बदलून गेलेत ती घ्यावी. तुमची कला त्या रायफलीवर शिकवा. ही पोखरलेली एन्फिल्ड ह्या घरात एकच आहे, हिच्यावर नको.

मामा : म्हणजे एक दुर्मीळ अन् शंभर सारख्या, ह्यांना एक कायदा नाही. बरं. मग हिच्या कमानीचं काय?

भाची : मोडकीच राहू दे. घोडा पडला नाही तर पूजेचं काही अडत नाही, आणि पोराटोरांच्या हातात गेली तरी बरं. पण ती कमान कशी करतात, किती तापवतात, ते तुम्ही सांगा. मी मापं घेते, चित्र काढते, मोबाइलवर चित्रण करते. बंदुकीसोबत एक वही राहील. तिच्यात नळीचं माप, ठशांचे फोटो, आज काय काढलं, कुठलं मेण लावलं, कोणत्या साली. आणि घरात सांगतात ती सत्तावनची गोष्टही, ‘घरात असं सांगत आलेत’ म्हणून.

मामा : गोष्ट खोटी ठरली की आत्ता.

भाची : बंदुकीबद्दल ठरली. आपल्या घरानं दीडशे वर्षं काय सांगायचं ठरवलं, ही पण माहितीच आहे. दोन्ही शेजारी ठेवायच्या, एकमेकींत मिसळायच्या नाहीत.

मामा : आणि खंडेनवमी? ती मी सोडणार नाही.

भाची : सोडायची कशाला? तेच तर तिचं चालू असलेलं काम आहे. पण ओलं हळदकुंकू थेट लोखंडावर लागतं, वर ओल्या झेंडूची माळ, ते रात्रभर तसंच. दरवर्षीचा नवा गंज तिथूनच येतो. केपेच्या खुंट्याभोवती बघा, कुंकवाखालीच सगळ्यात जास्त खाल्लंय. पाटावर कोरडं वस्त्र अंथरा, बंदूक त्यावर. पुढं सुपारी मांडा, हळदकुंकू सुपारीला वाहा, माळ पाटाला घाला. आपल्याकडं देवाची सुपारी मांडून पूजा होतेच, त्यात कुणी कमीपणा मानत नाही. आणि हातात घेताना कापडानं धरा, बोटाचा घाम लोखंडाला लागू देऊ नका.

मामा : सुपारीचं चालेल. गुरुजीही नाही म्हणणार नाहीत. पण ती चमकणार नाही, हे मनाला लागतंय बघ.

भाची : मेणानं काळपट झाक येते, वाईट नाही दिसत. आणि पाहुण्यांनी विचारलं तर नळीत बॅटरी मारून दाखवा. चकचकीत बंदूक एकदा बघून माणूस पुढं जातो. आत चर नाहीत म्हटल्यावर तो थांबून का विचारेल. ते सांगायला आर्मररच लागतो.

मामा : वही आण उद्या. पहिल्या पानावर माप मी माझ्या हातानं लिहिणार, अन् खाली सही. नोकरीत सहीशिवाय हत्यार परत दिलं नाही, हिलाही नाही देणार. पण एक काम तुझ्याकडं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी थोरला खोबरेल तेलाची वाटी घेऊन येणार, दरवर्षी येतो. मी धाकटा, माझं तो ऐकायचा नाही. त्याच्या हातातली वाटी तूच काढून घ्यायची.